नानांनी फिरवलेला शंख

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धभूषण नानांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, पुढे निंबाचं झाड, झाडाखाली एक बाकडं. नाना आता साठीच्या पुढे गेले आहेत. अंगाने सडपातळ, आवाज हळू. गिऱ्हाईक बोलत असताना ते त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघतात, कारण पंप कसा बिघडला हे सांगताना शेतकरी हातवारे करतो आणि त्या हातवाऱ्यांत निम्मं निदान असतं.

त्यांची मुलगी प्रज्ञा माझ्या वर्गात होती. पालकसभेला नाना दुकानातून तसेच यायचे आणि शेवटच्या बाकाशी उभे राहायचे. सगळे पालक गेले की पुढे येऊन विचारायचे, “बाई, हिचं गणित बरं आहे ना?” गणित चांगलंच बरं होतं. आज ती धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात यंत्रांचे विषय शिकवते. तिचं सासरही धुळ्याचंच.

नाना काम शिकले तेही धुळ्यातच, झुलाल मिस्त्रींकडे. झुलाल मिस्त्री अहिराणीशिवाय दुसऱ्या भाषेत रागवत नसत. विहिरीवरच्या पंपाचं पुढचं झाकण शंखासारखं गोल फिरत गेलेलं असतं. आत चाक फिरतं आणि पाणी त्या शंखाच्या तोंडातून वर जातं. हे झाकण एकदा उघडलं की जुनं गास्केट फेकायचं आणि नवं कापून घालायचं, हा झुलाल मिस्त्रींचा पहिला नियम. गास्केट म्हणजे दोन लोखंडी तोंडांच्या मध्ये घालायचा जाड कागद. तो नसला की पाणी गळतं आणि पंप हवा ओढतो. नानांनी शिकाऊपणी एकदा कंटाळा करून जुनाच कागद परत लावला होता. मिस्त्रींनी त्यांना पुन्हा विहिरीत उतरवलं आणि वरून ओरडून विचारलं, “पानीले काय डोया नही शेतस का? त्याले बारीक फट बी सापडस!” ते बोलणं नानांच्या मनात इतकं खोल गेलं, की पुढे आयुष्यभर त्यांनी गास्केटशिवाय एकही झाकण बंद केलं नाही. झाकणावर कागद ठेवायचा, लहान हातोडीने कडेकडेने टकटक करत जायचं आणि कागद बरोबर त्या आकाराचा कापून निघायचा. दुपारी गल्ली शांत असली की ती टकटक माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

अलीकडे ती टकटक कमी झाली होती. विहिरींवरचे पंप गेले, बोअरमध्ये सोडायचे लांबट पंप आले. ते बिघडले तर वाइंडिंगच्या दुकानात जातात, नानांकडे येत नाहीत. नाना रोज सकाळी शटर वर करत, हत्यारं पुसत आणि बाकड्यावर बसत. प्रज्ञा फोनवर म्हणायची, “बाबा, आता बस झालं. धुळ्याला या. खोली रिकामी आहे.” नानांच्या पत्नी द्रौपदाबाईंची तर कधीपासून तयारी होती, प्रज्ञाची लहान मुलगी रूपा आजीसाठी हट्ट धरून बसायची. नाना ‘बघू’ म्हणत आणि विषय बदलत. दिवाळी झाली की ठरवू, एवढंच त्यांनी कबूल केलं होतं.

ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस दुकानासमोर हिरवी जीप येऊन उभी राहिली. चालवणारा प्रेमराज, पिंपळनेरकडचा शेतकरी. त्याचे वडील चुडामण आबा यांच्या विहिरीवरचा पंप नानांनी धुळ्यात असताना किती तरी वेळा उघडला होता. प्रेमराजला जिपांच्या चढाईचं वेड. पश्चिमेकडच्या डोंगरात दिवाळीनंतर अशा हौशी लोकांची चढाई असते. चिखल, दगड आणि उभा चढ. सोबत त्याचा मित्र धनसिंग होता. धनसिंगने पुण्याच्या एका गॅरेजातून प्रेमराजसाठी एक जुना सुपरचार्जर शोधून आणला होता.

प्रेमराजने बॉनेट उघडलं. “नाना, हाई दखा.”

नाना वाकले. इंजिनाच्या बाजूला पट्ट्यावर फिरणारं चाक, त्याच्यावर ॲल्युमिनियमचा गोल फिरत गेलेला शंख. ते बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसू आलं.

“अरे, हा तर पंप आहे.”

“पंपच शे,” धनसिंग म्हणाला. “फक्त पानीना नही, हवाना.”

काम असं होतं. सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात पाठवतो. हवा जास्त गेली की इंजिनाचा जोर वाढतो. पण दाबलेली हवा तापते. म्हणून ती आधी रेडिएटरसारख्या एका जाळीतून फिरवून थंड करायची. तिला इंटरकूलर म्हणतात. ही जाळी जिपेच्या अगदी पुढे बसवली होती आणि शंखाचं तोंड होतं मागे, ड्रायव्हरच्या पायांकडे. तिथून पुढे नळी आणायची तर बॅटरीला वळसा, सायलेन्सरच्या तापलेल्या नळ्यांवरून उडी आणि परत खाली. दोन गॅरेजवाल्यांनी बॉनेटची बाजू कापावी लागेल असं सांगितलं होतं. प्रेमराजला जीप कापायची नव्हती.

“इतकी वळणं घेतली तर हवा रस्त्यातच दमेल,” नाना म्हणाले. “शिवाय थंड करायला न्यायची ती तापलेल्या नळीवरून नेता? वळण नळीला नको. शंखालाच देऊ.”

“म्हणजे?”

“तोंड फिरवू. हे बोल्ट दिसतात ना कडेने? सैल केले की झाकण फिरतं. विहिरीत जागा नसली की आम्ही पंपाचं तोंड फिरवतोच की.”

प्रेमराज धनसिंगकडे बघायला लागला. धनसिंग म्हणाला, “करू द्या. आबांचा पंप आजून चालू शे ना?”

त्या संध्याकाळी नाना घरी गेले ते वेगळ्याच चालीने. जेवताना त्यांनी द्रौपदाबाईंना सांगून टाकलं, “ही जीप जमली तर दुकान ठेवतो. नाही जमली तर दिवाळीनंतर शटर ओढतो आणि धुळ्याला येतो. मग परत विषय नाही.”

“म्हणजे माझी नात आता एका जिपेच्या हातात?” द्रौपदाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना त्यांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाल्या, “मी त्या जिपेचं वाईट चिंतणार नाही बाई. पण चांगलं चिंतायला मला कोणी सांगू नका.”

पुढचे काही दिवस गल्लीला करमणूक मिळाली. नानांनी शेतातल्या पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि कोपरे आणले आणि जिपेच्या पोटात जुळवून पाहू लागले. आधी प्लास्टिकवर रस्ता ठरवायचा आणि मग ॲल्युमिनियमची खरी नळी वाकवून आणायची, अशी त्यांची रीत. शंखाचं तोंड थोडं फिरवायचं, पाइप लावायचा, मागे जाऊन डोळे बारीक करून बघायचं, परत थोडं फिरवायचं. शेवटी तोंड खाली आणि पुढे अशा तिरक्या जागी आलं आणि तिथून पाइप एकाच सैल वळणात बॅटरीखालून सरळ जाळीपाशी पोचला. नानांनी मला हाक मारली. “बाई, या, बघा. किती गरीब दिसतो आता पाइप. कुणाच्या वाटेत नाही.”

शंख फिरवण्याआधी त्यांनी झाकण पूर्ण काढून आत पाहिलं होतं. चाक स्वच्छ होतं. पण दोन तोंडांच्या मध्ये गास्केट नव्हतं. एका खोबणीत बारीक रबरी कडी होती आणि बाकी धातूला धातू. नाना चकित झाले. “पुण्याचा कारागीर म्हणे! गास्केट खाल्लं लेकाच्याने,” ते पुटपुटले. मग हातोडी घेतली, जाड कागद ठेवला, आणि टकटक करत इतकं सुबक गास्केट कापलं की मी कौतुक केलं. त्यांनी ते आत घातलं आणि बोल्ट आवळले.

नळी तयार होऊन आली, बसली. प्रेमराज आणि धनसिंग आले. जीप मेहरूणला तलावाच्या रस्त्यावर नेली. प्रेमराजने हवेचा दाब दाखवणारा एक काटा डॅशबोर्डवर लावला होता. नाना त्याच्या शेजारी बसले होते. गाडी पळाली, इंजिन ओरडलं, काटा थरथरला आणि थोडासा वर येऊन तिथेच थांबला. पुन्हा पळवली. पुन्हा तेच.

“धनसिंग म्हणाला होता त्याच्या निम्मं बी नही,” प्रेमराज हळूच म्हणाला.

नळीचे जोड तपासले. साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा आला नाही. पट्टा घट्ट होता. धनसिंग बाजूला उभा राहून मोठ्याने म्हणाला, “नाना, आते हिले विहिरमा सोडा. पानी तरी वर यी!” जवळ भेळवाला होता, तोही हसला. नाना हसले नाहीत. परत येताना ते मागच्या सीटवर बसले.

जीप दुकानात ठेवून दोघं बसने गेले. जाताना धनसिंगने नानांना बाजूला घेतलं. आता त्याचा आवाज खाली आला होता. “नाना, शंखच घासेल व्हयी. पुण्यावालानी मले फसाडं. प्रेमराज जर इचारी तं तुमी तसंच सांगा. माल जुना शे म्हना.” त्याला वाटत होतं की दोष त्याने आणलेल्या मालाचा आहे. मित्राला आपण चुकीची वस्तू आणून दिली या लाजेनेच तो मघा इतका मोठ्याने बोलला होता.

नानांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

रविवारी प्रज्ञा रूपाला घेऊन आली. कोणती भांडी न्यायची, कोणती देऊन टाकायची, हे आईबरोबर ठरवायलाच ती आली होती. द्रौपदाबाईंनी तिला काटा वर न आल्याचं सांगितलं. सांगताना त्यांचा आनंद लपत नव्हता, आणि तो लपत नाही म्हणून त्यांना वाईटही वाटत होतं. “जा, चहा नेऊन दे त्यांना. सकाळपासून घरात आले नाहीत.”

मी बाकड्यावर पेपर वाचत बसले होते. प्रज्ञाने मला नमस्कार केला, चहाचा ग्लास वडिलांपुढे ठेवला आणि ओढणी कमरेला बांधून बॉनेटखाली वाकली.

“रस्ता सुंदर काढलात बाबा.”

“रस्ता सुंदर आहे. चालणारं कोणी नाही त्याच्यावरून.”

“तोंड फिरवल्याने दाब कमी होत नाही. फिरवण्यासाठीच ते बोल्ट असतात.” तिने बोटाने शंखाची कड चाचपली. “आत चाक कसं आहे? घासलंय?”

“नवं असल्यासारखं. तो धनसिंग म्हणतो घासलंय. मी स्वतः पाहिलंय, नाही घासलेलं.”

“मग चाक आणि झाकण यांच्यातली फट?”

“फट काय, होती तेवढीच असणार.”

“काढताना जसं होतं तसंच परत बसवलं? मध्ये काही घातलं नाही ना?”

“घातलं की. गास्केट. आधीच्याने ठेवलंच नव्हतं—”

नाना बोलता बोलता थांबले. ग्लास त्यांनी खाली ठेवला. मला काय झालं ते कळेना. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

नानांनी खिशातून गास्केटचा उरलेला तुकडा काढला आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून त्याची जाडी चाचपली. “एवढं झाकण चाकापासून लांब गेलं,” ते म्हणाले. “जुन्या घासलेल्या पंपासारखं झालं बघ. चाक फिरतं, पण पाणी पुढे जायच्या ऐवजी चाकावरूनच मागे पलटतं.”

“हवा तर पाण्याहून पातळ, बाबा. तिला तेवढं पुष्कळ होतं.”

“धातूला धातू मुद्दाम ठेवला होता त्याने.”

“हो. त्या रबरी कडीने गळती थांबते.”

“आणि मी त्याला लेकाचा म्हणालो.” नाना एकदम हसले. मेहरूणहून आल्यापासून पहिल्यांदाच. “प्रज्ञे, झुलाल मिस्त्री असते तर त्यांनीसुद्धा हेच केलं असतं बघ. त्यांनी तर दोन घातली असती.”

बापलेकींनी मिळून शंख उतरवला. घरातून द्रौपदाबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली; शेवटी त्यांनी रूपाला एकटीलाच वाढलं. गास्केट निघालं. दोन्ही तोंडं पुसून स्वच्छ केली, कडी तेलाचं बोट लावून खोबणीत बसवली. झाकण पुन्हा त्याच तिरक्या जागी लावून नाना समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले, आणि प्रत्येक वेळी प्रज्ञा हवा आत घेणाऱ्या तोंडातून बोट घालून चाक फिरवून बघत होती. नाना कान जवळ नेऊन ऐकत होते. चाक कुठे घासत नाही याची खात्री झाल्यावरच शेवटचं आवळणं झालं.

मग नानांनी प्रेमराजला फोन लावला. मी समोरच होते. हा फोन जड जाणार हे दिसत होतं. पिंपळनेरपासून साक्रीपर्यंत प्रेमराजच्या ओळखी, आणि पंपवाल्याने मोटारीच्या यंत्रात कागद कोंबला ही गोष्ट चहाच्या टपऱ्यांवर दिवाळीपर्यंत पुरली असती. धनसिंगने दाखवलेली वाट सोपी होती. माल जुना आहे म्हटलं की संपलं.

“प्रेमराज, माल चांगला आहे,” नाना म्हणाले. “चूक माझी झाली. पंपाच्या सवयीने मी आत गास्केट घातलं, त्याने दाब गेला. आता काढलंय. … हो, धनसिंगला सांग. त्याला मुद्दाम सांग, त्याला कोणी फसवलं नाही.”

तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून नाना म्हणाले, “हसतोय. उद्या येतो म्हणतो.”

प्रज्ञाने सोमवारची रजा टाकली. निकाल पाहिल्याशिवाय तिला जायचं नव्हतं. दुपारी सगळे पुन्हा मेहरूणला गेले; या वेळी नाना पुढे बसले, प्रज्ञा मागे. मी घरीच होते, पण येताना गल्लीत शिरणाऱ्या जिपेच्या आवाजावरूनच समजलं. आधी ती ओरडायची; आता एक बारीक, चढत जाणारी शीळ ऐकू येत होती. प्रेमराज उतरला आणि जिपेभोवती एक चक्कर मारून आला. काटा धनसिंगने सांगितला होता तिथवर गेला होता आणि पाय काढेपर्यंत खाली आला नव्हता.

“तो पुनावाला चांगला मानूस व्हता म्हनजे,” धनसिंग म्हणाला.

“चांगला. आणि हुशार,” नाना म्हणाले. “माझ्याकडून त्याला राम राम सांग.”

धनसिंग बाकड्यावर पाय सोडून बसला. चहा पिताना त्याने नानांना विचारलं, “पन नाना, गास्केट काबर टाकं?” नानांनी त्याला झुलाल मिस्त्री, विहीर आणि ते ओरडणं सगळं सांगितलं. धनसिंग पोट धरून हसला आणि मग म्हणाला, “मन्हा बापनी बी त्यानाच हातना पंप लेयेल व्हता. बठ्ठा गावले शिव्या देये तो मिस्त्री.” चेष्टा करायला बसलेला माणूस गावाकडच्या आठवणींत रमला. प्रेमराज म्हणाला की त्याच्याबरोबर चढाईला येणाऱ्या आणखी दोघांना असंच नळीचं अडलंय, पाठवू का? नाना म्हणाले, “पाठव. पण त्यांना आधीच सांग, मी पंपवाला आहे.”

संध्याकाळी मी द्रौपदाबाईंकडे गेले तेव्हा त्या साड्यांच्या घड्या करून पिशवीत भरत होत्या. रूपा पलंगावर झोपली होती, प्रज्ञा तिच्या उशाशी बसली होती. नाना दारात आले.

“जमली,” ते म्हणाले.

“ऐकली शीळ.” द्रौपदाबाईंनी घडी मोडून परत घातली. “शब्द तुम्ही दिला होता, मी नाही. दुकान ठेवा. मी जाते हिच्यासोबत. पोरीला शाळेतून आणायला कोणी नसतं, शेजारी बसवून ठेवतात. दुसऱ्याच्या ओट्यावर बसते माझी नात.”

नाना उभेच राहिले. जीप जमली तर काय आणि नाही जमली तर काय, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. जमल्यावर घर दोन ठिकाणी होईल हे त्यांच्या हिशेबात आलंच नव्हतं.

“आई, लगेच नको,” प्रज्ञा म्हणाली. “दिवाळीनंतर म्हणालो होतो ना?”

“दिवाळीनंतर यांची परत एखादी जीप येईल.”

मग नाना आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले. “तू एकटी राहशील?”

“एकटी कशी? लेक आहे, जावई आहे, नात आहे. एकटे तुम्ही.”

“मग शनिवारी दुपारी शटर बंद करून येत जाईन मी. सोमवारी सकाळच्या गाडीने परत.”

“दर शनिवारी?”

“दर शनिवारी.”

द्रौपदाबाईंनी प्रज्ञाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी साक्षीला आहोत याची त्यांनी खात्री करून घेतली असावी. मग पिशवीचा बंद ओढत म्हणाल्या, “येताना भाकरीसाठी कळण्याचं पीठ घेऊन या. धुळ्यात आपल्यासारखं दळून देत नाहीत.”

“किती आणू?”

“आठवड्याचं,” त्या म्हणाल्या. “पुढचं पुढच्या शनिवारी.”